लिलीची पानं कोण खातंय आणि मुळं कोण? बेळगाव-खानापूरकडच्या बागांसाठी सविस्तर उत्तर

खानापूर भागातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या परड्यात कुंपणाच्या भिंतीलगत स्पायडर लिलीची रांग आहे, पुढे लाल लिली आणि मे महिन्यात चेंडूसारखं फुलणारी बॉल लिली. जुलै लागल्यापासून पानं खरवडल्यासारखी होतात, काही पानांचा नुसता पांढरा पापुद्रा उरतो. पानांवर काळे-लाल-पिवळे ठिपके असलेले किडे दिसतात. तीन-चार रोपं पिवळी पडली आणि ओढल्यावर सहज हातात आली. नेटवर शोधल्यावर ‘रेड लिली बीटल’ हे नाव मिळालं, दुकानदारानं दोन वेगवेगळी औषधं दिली, दोन्ही फवारून झाली, फरक नाही. आता विचारतात, या भुंगेऱ्याचा कायमचा बंदोबस्त करणारं औषध कोणतं?

ताई, औषधाचं नाव मी खाली सांगणार आहेच, पण तुमच्या वर्णनातच दोन वेगळी दुखणी आहेत. पानं खरवडली जाणं हे एक आणि रोप मुळापासून सुटून हातात येणं हे दुसरं. पहिलं दुखणं देणारा पानावर राहतो, दुसरं देणारा मातीत. तुम्ही दोन्ही वेळा पानावर फवारलंत. मातीत वीतभर खाली बसलेल्याला त्याचा थेंबही पोचला नाही, आणि पानावर जो होता तो बहुधा भुंगेरा नव्हताच. माझं नर्सरीचं काम याच पट्ट्यात चालतं. पावसाळ्यात लिलीबद्दल जेवढ्या तक्रारी येतात त्यातल्या बहुतेकांत ‘भुंगेरा’ म्हणून दाखवलेला किडा अळी किंवा पतंग निघतो, आणि खरा भुंगेरा मातीत आपलं काम निवांत करत असतो.

आधी त्या रेड लिली बीटलचा विषय संपवू. हा किडा खरा आहे, पण तो युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या बागांचा शत्रू आहे. शेंदरी-लाल चकचकीत पाठ, काळं डोकं, काळे पाय, लांबी जेमतेम सहा ते आठ मिलिमीटर. कॅनडात तो १९४०च्या दशकात पोचला, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये १९९२ साली सापडला आणि तिथून पसरला. त्याची अळी स्वतःचीच विष्ठा पाठीवर लिंपून घेते, त्यामुळे पानावर ओल्या चिखलाचा गोळा बसल्यासारखं दिसतं. आपल्या दृष्टीनं महत्त्वाचं असं की त्याची पिल्लावळ वाढते ती खऱ्या लिलियम जातीवर आणि तिच्या जवळच्या नात्यातल्या फ्रिटिलारियावर. तुमच्याकडच्या तिन्ही झाडांना आपण लिली म्हणतो, पण ती त्या कुळातली नाहीत. स्पायडर लिली, लाल लिली, बॉल लिली, पावसाळी रेन लिली आणि आपला नागदवणा ही सगळी अमॅरिलिसच्या कुळातली. तेव्हा परदेशी बागांसाठी लिहिलेले उपाय वाचून त्यांचं वेळापत्रक इथे लावलं, तर ना कीड जुळते ना महिना.

मग पानं खातं कोण? इथे एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. या कुळातल्या झाडांच्या पानांत आणि कंदांत लायकोरिन नावाचं विषारी द्रव्य असतं. म्हणून तर गावाकडे नागदवणा बांधावर लावतात आणि शेळी त्याला तोंड लावत नाही. बहुतेक किड्यांनाही ते पचत नाही. याचा अर्थ लिलीचं पान खाणाऱ्या संशयितांची यादी फार छोटी आहे, आणि आपल्या भागात त्या यादीत पहिलं नाव लिलीवरच्या अळीचं. शास्त्रीय नाव पॉलिटेला ग्लोरिओसी. कळलावीवरही हीच येते आणि नावातला ‘ग्लोरिओसी’ तिथूनच आलाय. कळलावीतलं जहाल विषही हिला बाधत नाही. अंगावर जे भडक रंग आहेत ते पक्ष्यांना ‘मला खाऊ नका’ असं सांगणारे आहेत, आणि पक्षी ते ऐकतात. त्यामुळे साळुंक्या, बुलबुल बागेत भरपूर असूनही या अळ्या उघड्यावर बिनधास्त खात बसलेल्या दिसतात.

ओळख सोपी आहे. अळी काळपट, अंगावर पांढरे-पिवळे आणि नारिंगी-लाल ठिपके. लहानपणी घोळक्यानं राहतात आणि पानाचा हिरवा गर खरवडून खातात, खालचा पापुद्रा तसाच सोडतात. तुम्ही लिहिलेला पांढरा पापुद्रा म्हणजे हीच खूण. मोठ्या झाल्या की विखुरतात आणि कडेपासून पान खात सुटतात. पानांच्या बेचक्यात काळ्या दाण्यांसारखी विष्ठा साचलेली दिसते. पतंगाच्या पंखांवरही काळा, लाल, पिवळा असे ठिपके असतात. तो दिवसा पानावर पंख मिटून बसलेला असेल तर लांबून बघणाऱ्याला भुंगेरा वाटतो. फरक बघायचा तर त्याला काडीनं हलवा. भुंगेऱ्याची पाठ टणक असते, वरचे दोन पंख पाठीवर कवचासारखे बसतात आणि मधोमध सरळ रेघ दिसते. पतंगाचे पंख मऊ असतात, बोटाला भुकटी लागते.

या अळीसाठी मी पहिल्यांदा कोणालाही फवारणी सांगत नाही. पंधरा-वीस रोपांची रांग असेल तर हात आणि साबणाच्या पाण्याचं भांडं पुरतं. सकाळी लवकर, पानं ओली असताना, प्रत्येक पान उलटून बघायचं. मादी अंडी पानाच्या खालच्या बाजूला पुंजक्यानं घालते. तो पुंजका पानाच्या तुकड्यासकट कापून साबणाच्या पाण्यात टाकला तर पुढच्या कित्येक अळ्या एका हालचालीत गेल्या. घोळक्यात असलेल्या लहान अळ्यांचंही तसंच. एक दिवस करून थांबू नका. पतंग पाऊसभर येत राहतात, म्हणून आठवड्यातून दोनदा, गणपती होईपर्यंत तरी फेरी चालू ठेवा. जी अळी पूर्ण वाढते ती मातीत उतरून कोष करते आणि तिथून पुढची पिढी निघते. म्हणून मोठ्या अळ्या दिसायच्या आधीच्या टप्प्यावर लक्ष द्यायचं.

रांग मोठी असेल किंवा कमरेमुळे वाकणं जमत नसेल, तर निंबोळी अर्क. पन्नास ग्रॅम निंबोळीचा गर कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायचा, सकाळी फडक्यानं गाळायचा, संध्याकाळी फवारायचा. लिलीचं पान मेणचट असतं, नुसतं पाणी त्यावरून घरंगळून जातं, म्हणून लिटरला थोडा मऊ साबण घातलाच पाहिजे. दुकानातल्या औषधाचा उपयोग झाला नाही यामागे हेही एक कारण असू शकतं. खानापूर-जांबोटीकडे कडुलिंब कमी, तेव्हा निंबोळ्या गोकाक-अथणीकडून कोणी येत असेल तर मागवा, नाहीतर चांगल्या प्रतीचं कडुलिंबाचं तेल लिटरला पाच मिलि चालतं. लहान अळ्यांवर बी.टी.ची (अळ्यांना मारणाऱ्या जिवाणूची) पावडरही चांगली लागू पडते, पण साठवलेली जुनी पुडी नको आणि भर उन्हात फवारणी नको. आणि हे लक्षात ठेवा की अळ्यांसाठी मिळणारी ही नेहमीची बी.टी. फक्त पतंग-फुलपाखरांच्या अळीवर चालते. भुंगेऱ्यावर किंवा मातीतल्या हुमणीवर, म्हणजे मुळं खाणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीवर, तिचा काही परिणाम नाही. शत्रू ओळखल्याशिवाय बाटली घेऊ नका असं मी सांगतो ते यासाठीच.

पानांच्या तक्रारींचे आणखी दोन प्रकार इथे दिसतात, ते थोडक्यात. सकाळी पानावर चकचकीत वाळलेली रेघ दिसली तर ती गोगलगाय. रात्री नऊ-दहाला बॅटरी घेऊन गेलात तर सापडेल. आणि पानावर, देठावर लांबट लाल-तांबडे चट्टे असून पान कुठे खाल्लेलं नसेल तर ती बुरशी आहे, कीड नाही. लाल लिलीवर ती आपल्या पावसात हमखास येते. तशी पानं कापून लांब टाका आणि पाणी पानांवर न ओतता बुडाशी द्या.

आता मातीतल्या दुखण्याकडे येऊ. माझ्या मते तुमची खरी काळजीची जागा ही आहे. पान खाल्लं तर कंद पुन्हा पान फोडतो. मुळं गेली तर कंद पोसायला काही उरत नाही.

पण हुमणीचं नाव घ्यायच्या आधी एक रोप उकरून बघाच. कारण पिवळं पडून सुटणारं प्रत्येक रोप हुमणीचं नसतं, आणि इथे तुमच्या जागेवर फार अवलंबून आहे. कणकुंबी-जांबोटीच्या पावसात, जांभ्या मातीत वाफा उंच असेल तर पाणी निघून जातं. तोच वाफा भिंतीलगत खोलगट असेल, वर पत्र्याचं पाणी पडत असेल, तर कंद कुजतो. निपाणी-चिकोडी-अथणीकडच्या काळ्या मातीत पाऊस कमी, पण पाणी धरून राहतं, तिथेही कुज होते. कुजलेला कंद बोटानं दाबला तर मऊ लागतो, बुडखा तपकिरी झालेला असतो आणि वास येतो. हुमणीनं खाल्लेल्या रोपाचा कंद बहुधा घट्ट असतो, पण खालची मुळं कात्रीनं छाटल्यासारखी गायब असतात, बुडख्यावर कुरतडल्याच्या खुणा असतात. कुजलेल्याला पाणी तोडायचं असतं, औषध नाही. हुमणीला उलट.

उकरताना फक्त रोपाखालची माती बघून थांबू नका. भोवतालची हातभर रुंद, वीतभर खोल माती पोत्यावर काढून चाळा. पांढरी, मळकट, इंग्रजी ‘सी’सारखी वळलेली, तपकिरी डोक्याची अळी सापडेल. पण इथेही घाई नको, कारण शेणखत घातलेल्या वाफ्यात अशा दिसणाऱ्या अळ्या तीन तरी प्रकारच्या असतात आणि त्यातल्या दोन तुमच्या लिलीच्या वाटेला जात नाहीत.

माझी नेहमीची पारख अशी. अळी सपाट फरशीवर किंवा पाटावर ठेवा आणि थोडा वेळ हात लावू नका. ती उलटी होऊन पाठीवर सरपटत चालू लागली, पाय वर हवेत, तर ती फुलांवरच्या भुंगेऱ्याची अळी. ती कुजलेला पालापाचोळा आणि खत खाते, मुळं नाही. तिला खताच्या खड्ड्यात सोडून द्या, ती खत बारीक करते. अळी अंगठ्यापेक्षाही जाड, भली मोठी आणि उकिरड्यातून आलेली असेल तर ती बहुधा गेंड्या भुंग्याची. तीही कुजणारं खाते. पण तिचा भुंगा नारळाचा शेंडा पोखरतो, म्हणून परड्यात नारळ असेल तर तिला ठेवू नका. आणि जी कुशीवर वेटोळं करून पडून राहते, सरळ व्हायला बघते पण पाठीवर चालत नाही, ती हुमणी. ही मुळं खाते.

हुमणीबद्दल आपल्या जिल्ह्यातल्या ऊस, भुईमूग, बटाटा करणाऱ्या शेतकऱ्याला सांगायला नको. दोन मुख्य जाती इकडे त्रास देतात. माळावरची हुमणी, शास्त्रीय नाव होलोट्रॅकिया सेराटा, आणि नदीकाठची हुमणी, ल्युकोफोलिस लेपिडोफोरा. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेच्या काठच्या उसात दुसरी, माळरान आणि हलक्या जमिनीत पहिली. परड्यातल्या बागेत मला जास्त करून माळावरचीच सापडते, म्हणून पुढचं सगळं तिच्याबद्दल.

हिचं वर्षाचं चक्र समजून घेतलं तर उपाय आपोआप सुचतो. एप्रिल-मेमध्ये वळवाचा पहिला चांगला पाऊस झाला, माती भिजली, की संध्याकाळी अंधार पडता पडता तपकिरी भुंगेरे मातीतून वर येतात. ते कडुलिंब, बाभूळ, बोर, शेवगा अशा झाडांवर जमतात, पाला खातात, तिथेच मीलन होतं. पहाटेपर्यंत पुन्हा मातीत. मादी ओल्या, भुसभुशीत, खत असलेल्या मातीत एकेक करून अंडी घालते. एक मादी सगळी मिळून पन्नास-साठपर्यंत. साधारण दहा-पंधरा दिवसांत अळी बाहेर येते. लहान अळी आधी कुजलेलं खत आणि बारीक मुळं खाते, तेव्हा वर काहीच कळत नाही. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये ती तिसऱ्या अवस्थेत असते, करंगळीएवढी जाड, आणि सगळं मोठं नुकसान तेव्हाचं. तुमची रोपं आत्ताच, ऑगस्टमध्ये, सुटायला लागली हे यात बरोबर बसतं. पुढे पाऊस ओसरल्यावर ती खोल जाऊन कोष करते, कोषातून भुंगेरा तयार होतो आणि तो मातीतच पुढच्या वळवाची वाट बघत पडून राहतो.

म्हणजे वर्षातून एकदाच, वळवाच्या पहिल्या काही संध्याकाळी, हा किडा उघड्यावर, झुंडीनं आणि आपल्या हाताच्या अंतरावर येतो. एक मादी तेव्हा पकडली तर पुढच्या पन्नास अळ्या जन्मालाच आल्या नाहीत. ऑगस्टमध्ये त्याच पन्नास शोधायला तुम्हाला अख्खा वाफा उपसावा लागतो. मी माझ्या गिऱ्हाइकांना वर्षभरात एकच काम चुकवू नका असं सांगायचं झालं तर हेच सांगतो. बेळगावात वळीव कसा येतो ते आपल्याला माहीत आहे, दुपारी ऊन, चारला आभाळ, पाचला झोडपून काढतो. तो पाऊस पडून गेला की त्या रात्री आणि पुढच्या तीन-चार रात्री साडेसात ते नऊच्या दरम्यान परड्यातल्या आणि शेजारच्या शेवगा-कडुलिंबाखाली जुनी चादर अंथरायची, फांद्या काठीनं हलवायच्या आणि पडलेले भुंगेरे साबणाच्या किंवा थोडं रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकायचे. मुलांना हे काम फार आवडतं. गल्लीतल्या चार घरांनी एकाच रात्री केलं तर परिणाम कितीतरी जास्त, कारण भुंगेरा कुंपण ओळखत नाही. पुढे मोठा वळीव पुन्हा आला तर पुन्हा बघा.

दिव्याचा सापळाही चालतो. घमेल्यात साबणाचं पाणी, वर बल्ब. पण तो फक्त याच रात्री लावा आणि दहा वाजता बंद करा. महिनाभर रोज रात्री लावून ठेवला तर मित्रकिडेही त्यात मरतात. आणि लिलीच्या वाफ्याला लागून पोर्चचा दिवा असेल तर वळवाच्या दिवसांत तो बंद ठेवा. नाहीतर आपणच भुंगेऱ्यांना अंडी घालायला वाफ्यापर्यंत बोलावून आणतो.

दुसरी गोष्ट शेणखताची. बागेत हुमणी येते त्याचं मोठं दार हे आहे. उकिरड्यातलं अर्धकच्चं, गरम, वास येणारं शेणखत मे महिन्यात लिलीच्या बुडाशी घालायची आपल्याकडे सवय आहे, कारण तेव्हा शेतातही खत पडतं आणि ट्रॉली दारावरून जाते. अशा खतात अळ्या असू शकतात, आणि नसल्या तरी भुसभुशीत ओल्या खतात भुंगेऱ्याची मादी आनंदानं अंडी घालते. खत पूर्ण कुजलेलं घ्या, मार्च-एप्रिलच्या उन्हात पातळ पसरून दोन-तीन दिवस वाळवा, चाळा, मगच वापरा. उन्हात पसरलेल्या खतावर कावळे-साळुंक्या येतात, कोंबड्या असतील तर त्या सोडा, निम्मं काम त्या करतात. हुमणीच्या अंगात लिलीच्या अळीसारखं विष नसतं, पक्षी ती आवडीनं खातात.

आता तुमचा आजचा प्रश्न, कारण वळीव आठ-नऊ महिने लांब आहे. सुटलेल्या रोपांच्या भोवतालची माती उकरून, अळ्या वेचून नष्ट करा. आजूबाजूची एक-दोन धडधाकट रोपंही हळूच उचलून बघा, हुमणी सहसा एका ठिकाणी खाऊन ओळीनं पुढे सरकते. ज्या कंदांची मुळं गेलीत पण कंद घट्ट आहे, ते फेकू नका. कुरतडलेला भाग धारदार चाकूनं साफ करा, दोन दिवस सावलीत सुकवा आणि जेमतेम ओलसर वाळूत कुंडीत लावा. लाल लिलीचा कंद यातून पुष्कळदा सावरतो.

मग मातीत मेटारायझियम. ही हुमणीवर जगणारी बुरशी आहे, अळी मेल्यावर तिच्या अंगावर हिरवी भुकटी दिसते. दोन घमेली पूर्ण कुजलेल्या खतात साधारण पन्नास ग्रॅम पावडर मिसळा, पाणी शिंपडून ओलसर करा, सावलीत पोत्याखाली आठवडाभर ठेवा, मग संध्याकाळी मुळांजवळ मातीत मिसळा आणि हलकं पाणी द्या. तिला ओल आणि सावली लागते, म्हणून आपला पावसाळा तिला मानवतो. त्याच मातीत बुरशीनाशक ओतू नका, ते हिलाही मारतं. खरं तर हिची उत्तम वेळ जून-जुलै, अळ्या लहान असताना. ऑगस्टमध्ये मोठ्या अळ्यांवर परिणाम हळू दिसतो, तरीही घाला, कारण ती मातीत टिकते आणि पुढच्या पिढीला उपयोगी पडते. हुमणीत शिरून तिला मारणारे सूत्रकृमीही आता पावडरीच्या रूपात मिळतात. ते मिळाले तर ओल्या मातीत संध्याकाळी द्या. पाकिटावरची तारीख बघून घ्या, दोन्ही जिवंत वस्तू आहेत, दुकानात उन्हात पडलेलं पाकीट घेऊन फायदा नाही. मिळण्याची खात्रीची ठिकाणं म्हणजे होबळीचं (कर्नाटकातल्या महसूल मंडळाचं) रयत संपर्क केंद्र, बैलहोंगलकडे मत्तिकोपचं कृषी विज्ञान केंद्र आणि धारवाडचं कृषी विद्यापीठ. कन्नडमध्ये हुमणीला ‘गोण्णे हुळ’ म्हणतात, केंद्रावर तसं विचारलंत की लगेच काम होतं. गोकाकजवळ अरभावीला उद्यानविद्या महाविद्यालय आहे, फुलझाडांचा नमुना घेऊन जायला तेही चांगलं.

रासायनिक दाणेदार औषधाबद्दल स्पष्ट बोलतो. अजूनही कोणीतरी ‘फोरेटचे दाणे टाका, सगळं साफ होईल’ असा सल्ला देतं. फोरेटवर देशात २०२० अखेरपासून पूर्ण बंदी आहे आणि ती योग्य आहे. परड्यात विहीर असते, कोंबड्या असतात, मुलं मातीत खेळतात. शेजारी भाजी लावलेली असते. चार लिलींसाठी तिथे असलं विष पुरायचं कारण नाही. शेतात उसाला कृषी खात्यानं सुचवलेलं औषध वापरणं वेगळं, तिथे मात्रा, अंतर, काढणीचा काळ याचा हिशोब असतो. घरच्या वाफ्यात वेचणं, मेटारायझियम आणि वळवातला भुंगेरा या तिन्हींनी काम होतं, फक्त दोन हंगाम सातत्य लागतं. पहिल्या वर्षी हुमणी कमी होते, दुसऱ्या वर्षी फरक डोळ्यांना दिसतो.

हे सगळं करूनही तुमच्या कुंपणापलीकडे ऊस किंवा बरेच दिवस पडीक माळ असेल तर दरवर्षी नवे भुंगेरे येत राहणार. अशा जागी मी लाल लिली जमिनीत न लावता मोठ्या कुंड्यांत लावायला सांगतो आणि वळवाच्या दिवसांत कुंडीच्या तोंडावर जुनी मच्छरदाणी बांधायला. स्पायडर लिली जमिनीतच राहू दे, तिचा गड्डा मोठा असतो, थोडी मुळं गेली तरी ती तग धरते.

तुमच्या प्रश्नात नाही, पण लवकरच दिसेल म्हणून फुलांवर येणाऱ्या आणखी एका वेगळ्या भुंगेऱ्याचंही सांगतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये काळ्या अंगावर नारिंगी पट्टे असलेले, अंगठ्याच्या पेरासारखे लांबट भुंगेरे फुलांवर येतात. शेतकरी यांना हिंगे म्हणतात. जास्वंद, भोपळा, चवळी, तूर यांच्या फुलांवर त्यांचा मुख्य जोर, लिली त्यांच्या वाटेत असेल तर पाकळ्याही कुरतडतात. यांना उघड्या हातानं कधीही चिरडू नका. अंगातून निघणाऱ्या द्रवानं कातडीवर फोड येतात, डोळ्याला हात लागला तर फार त्रास होतो. हातमोजे घालून किंवा चिमट्यानं, सकाळी ते थंडीनं सुस्त असताना, साबणाच्या पाण्यात झटकायचे. मुलांना या कामाला लावू नका. हिंग्यांची अळी मातीत नाकतोड्यांची अंडी खाते, म्हणजे तो सगळाच वाईट नाही. थोडे असतील तर मी नुसते झटकून टाकतो. उमललेल्या फुलांवर कीटकनाशक मात्र अजिबात नको, त्याच फुलांवर सकाळी मधमाश्या असतात.

आणि पुढेमागे तुम्ही खरी एशियाटिक किंवा ओरिएंटल लिली कुंडीत लावणार असाल, हल्ली कंद सहज मिळतात, तर सुरुवातीच्या त्या लाल भुंगेऱ्याची एक काळजी घ्या. तो परदेशात लांबवर पसरला तो मुख्यतः मातीसकट आणलेल्या कुंड्यांमधून, कारण प्रौढ किडा थंडीत मातीत दडून बसतो. म्हणून परदेशातून कोणी नातेवाईक मातीसकट रोप आणून देत असेल तर घेऊ नका, तशी परवानगीही नसते. इथल्या विक्रेत्याकडचे धुतलेले, उघडे कंद घ्या.

सुटलेल्या रोपांच्या रिकाम्या जागी लगेच नवे कंद लावू नका. ती जागा तशीच ठेवा, तण वाढू देऊ नका, कारण गवताच्या मुळांवरही हुमणी पोसते. दिवाळीनंतर, पाऊस संपून माती भुरभुरीत झाली की ती जागा फूटभर खोल खणा आणि ढेकळं चार-सहा दिवस उघडी टाका. कोषातले आणि नुकते तयार झालेले भुंगेरे तेव्हा वर येतात, पक्षी टिपतात. मग तळाला विटांचे तुकडे घालून वाफा भोवतालच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच करा आणि वाळूत जगवलेले कंद फेब्रुवारीत पुन्हा बसवा, कंदाची मान मातीच्या वर ठेवून.